रेघेवरची हवा

विमानातून मोजलेली हवा आलेखात कशी मांडावी, यावर बोलायचंय, आणि सुरुवात एका जुन्या आलेखापासून. ओझोनच्या विवराचा विषय निघाला की तो हटकून समोर येतो. इतक्या वेळा दाखवला गेलाय की त्याच्याकडे नीट बघायचंच राहून जातं. १६ सप्टेंबर १९८७ चा. चिलीच्या दक्षिण टोकाजवळच्या पुंता अरेनासहून नासाचं ईआर-२ विमान निघालं आणि सरळ अंटार्क्टिकाकडे गेलं. उंची सुमारे १८ किलोमीटर, आत एकटा वैमानिक, तोही अंतराळवीरासारखा दाबाचा पोशाख घालून बसलेला. विमानात हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांचं क्लोरीन मोनॉक्साइड, म्हणजे क्लोरीन ओझोनला खातं तेव्हा तयार होणारा वायू, मोजणारं उपकरण होतं आणि ओझोन मोजणारं दुसरं. त्याच दिवशी तिकडे माँट्रियलमध्ये ओझोन वाचवण्याच्या करारावर सह्या होत होत्या, हा निव्वळ योगायोग.

आलेखात दोनच रेघा आहेत. आडव्या अक्षावर अक्षांश. एका बाजूच्या उभ्या अक्षावर क्लोरीन मोनॉक्साइड, दुसऱ्या बाजूच्या अक्षावर ओझोन. विमान दक्षिणेला सरकत जातं आणि एका ठिकाणी क्लोरीन मोनॉक्साइड एकदम उसळून अब्जात एक भागाच्या घरात पोचतं. नेमक्या तिथेच ओझोन कोसळतो, अर्ध्याहून खाली.

दोन बाजूंना दोन वेगळी मापं असलेला आलेख हा एरवी बदमाश प्रकार. डावा अक्ष थोडा ताणला, उजवा थोडा दाबला, की कांद्याचे भाव आणि शेअर बाजारही हातात हात घालून चालताना दाखवता येतात. मग हाच आलेख का मानायचा? तर तो मोठ्या चढउतारावर उभा नाही म्हणून. विवराच्या कडेजवळ क्लोरीन मोनॉक्साइडच्या रेघेला बारीक दाते आहेत, आणि त्या दात्यांसमोर ओझोनच्या रेघेत तशाच खाचा आहेत. अक्ष ताणून रेघ उंच करता येते. दाता मात्र जागचा हलवता येत नाही. शिवाय या आलेखाला जोडीदार आहे, २३ ऑगस्टच्या उड्डाणाचा. तेव्हा आत क्लोरीन मोनॉक्साइड चढलेलं होतं, पण ओझोन अजून फारसा उतरला नव्हता, कारण ध्रुवाकडे सूर्य नुकताच परतत होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की आधी काय आणि मग काय ते दिसतं. एकट्या चित्राला ते जमलं नसतं.

पण आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख फारसा होत नाही. विमान त्या पट्ट्यात जवळजवळ एकाच थरातून, सरळ दक्षिणेला गेलं होतं. म्हणून आडव्या अक्षावर अक्षांश घेणं खपून गेलं. तो अक्ष म्हणजेच विमानाची वाट होती. बहुतेक उड्डाणांना ही चैन नसते. विमान चढतं, उतरतं, गिरक्या घेतं, धुराच्या लोटातून आडवं जातं, वळून पुन्हा त्याच लोटात शिरतं. हवेचा प्रचंड पसारा आणि त्यातून ओढलेली एक वाकडीतिकडी रेघ, एवढंच आपल्या हाती असतं. आलेख काढताना आपण ती रेघ पुसतो आणि पसारा दाखवतोय असं भासवतो. विमानातल्या डेटाची मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. बघणाऱ्याला विमान दिसत राहिलं पाहिजे.

उभ्या छेदाचंच घ्या. उंची विरुद्ध ओझोन, असा आलेख सगळेच काढतात आणि त्याला 'उभा' म्हणतात. मोठं जेट विमान मिनिटाला दीड हजार फूट, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसात मीटर या दराने उतरतं. १२ किलोमीटरवरून दीडशे मीटरवर यायला २६ मिनिटं लागली. त्या वेळात सेकंदाला १८० मीटर वेगाने ते २८० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. वरचा ठिपका पुण्यावरचा असेल तर खालचा सोलापूरच्याही पलीकडचा. वरची हवा आणि खालची हवा एकमेकींच्या डोक्यावर कधी नव्हतीच. खुल्या महासागरावर याने फारसं बिघडत नाही. शहराच्या आसपास सगळंच बिघडतं. म्हणून अमेरिकेतल्या डिस्कव्हर-एक्यू मोहिमेत (२०११ ते २०१४) पी-३ विमान जमिनीवरच्या मोजणी केंद्रांच्या माथ्यावर गोल गिरक्या घेत चढत-उतरत असे. तशी गिरकी नसेल तर आलेखाच्या कोपऱ्यात छोटा नकाशा टाकून उतरण्याची वाट दाखवावी. चार सेंटिमीटर जागा जाते, तेवढी जाऊ द्यावी.

आता थोडं फाईलमध्ये शिरू. या क्षेत्रात डेटा बहुतेक 'आयकार्ट' स्वरूपात येतो. २००४ च्या उन्हाळ्यातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेवरून हे नाव आलं. साधी मजकुराची फाईल, मधे स्वल्पविराम. पहिल्या ओळीत हेडरच्या, म्हणजे आकड्यांआधीच्या माहितीच्या, एकूण ओळींची संख्या आणि १००१ हा स्वरूपाचा क्रमांक. मग शास्त्रज्ञाचं नाव, संस्था, उपकरण, मोहीम, तारखा, एकेका रकान्याचं नाव आणि एकक. शेवटी टिपा: अनिश्चितता किती, डेटा वापरण्याच्या अटी काय, आवृत्ती कुठली. आवृत्तीत इंग्रजी अक्षर असेल (आरए, आरबी) तर तो मोहीम चालू असतानाचा कच्चा डेटा. आकडा असेल (आर-शून्य, आर-एक) तर अंतिम. कच्च्या डेटावरचा आलेख दाखवायला हरकत नाही. फक्त 'प्राथमिक' हा शब्द चित्रावरच छापायचा. तोंडी सांगितलेला 'प्राथमिक' चहाच्या सुट्टीपर्यंत हवेत विरतो आणि मोबाईलवर काढलेला स्लाइडचा फोटो तेवढा वर्षानुवर्षं फिरत राहतो.

हेडर कंटाळवाणा असतो, म्हणून लोक तो ओलांडून थेट आकड्यांवर उडी मारतात. तिथे पहिला खड्डा उणे ९९९९ चा. मोजणी झाली नाही त्या सेकंदासमोर हा आकडा लिहिलेला असतो. तो काढायचा राहिला तर आलेखाचा तळ उणे दहा हजाराला टेकतो आणि खरा डेटा वर छताला चिकटून सरळ दोरीसारखा दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. एका मिनिटाच्या सरासरीत एखाद-दुसराच उणे ९९९९ घुसला तर वाईट, आणि उणे ८८८८ त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ वेगळा आहे: उपकरणाने मोजलं, पण ओळखता येण्याच्या मर्यादेखाली निघालं. म्हणजे हवा स्वच्छ होती. ही माहिती आहे, रिकामी जागा नव्हे. दोन्ही आकडे एकाच झाडूने साफ केले की स्वच्छ हवेचे सगळे सेकंद कचऱ्यात जातात आणि उरलेली सरासरी फुगते.

ऋण आकड्यांचंही तेच. नायट्रिक ऑक्साइडचं खरं प्रमाण १० पीपीटी, म्हणजे लाख कोटी रेणूंत दहा, आणि उपकरणाची एका सेकंदाची डळमळ अधिक-उणे २० पीपीटी. मग बरेचसे सेकंद शून्याखाली येणारच. नवशिक्याला वाटतं, वायू ऋण कसा असेल? आणि तो हे सेकंद पुसतो. डळमळ नेहमीच्या घंटेच्या आकाराची असेल तर उरलेल्यांची सरासरी १० ऐवजी २० भरते. दुप्पट! एकही आकडा खोटा नाही, तरी उत्तर खोटं. ऋण आकडे ठेवायचे, सरासरी काढायची, मग दाखवायचं. लॉग अक्ष (दर पायरीला दसपट वाढणारा) वापरायचा असेल तर ऋण ठिपके तिथे बसतच नाहीत; किती ठिपके असे बाहेर राहिले ते आलेखाखाली लिहावं.

वेळेचा घोळ या सगळ्याहून चिवट. फाईलमधली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, उड्डाणाच्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजलेली. आपल्याकडे सकाळी साडेअकराला निघालेल्या विमानाचा पहिला सेकंद २१,६०० वा. यूटीसीची मध्यरात्र उड्डाणातच उलटली तर आकडे ८६,४०० च्या पुढे चालत राहतात, पुन्हा शून्यावर येत नाहीत. आले असं समजून दुरुस्ती करू नये. फाईलमधली वेळ मोजणीच्या सुरुवातीची आहे की मधली, तेही बघावं. एका मिनिटाच्या सरासरीत सुरुवात आणि मध्य यांत ३० सेकंद, म्हणजे वर धरलेल्या वेगाने ५.४ किलोमीटर. किनाऱ्यावरचं शहर समुद्रात जायला एवढं पुरतं.

त्याहून खोल गोष्ट नळीची. हवा विमानाच्या बाहेरच्या तोंडातून आत शिरते, नळीतून उपकरणापर्यंत जाते, आणि घड्याळ मात्र उपकरणापाशी असतं. नळी तीन मीटर लांब, आतला व्यास चार मिलिमीटर, तर तिच्यात सुमारे ३८ घनसेंटिमीटर हवा मावते. मिनिटाला एक लिटर ओढलं तर हवेला पोचायला सव्वादोन सेकंद लागतात, तेवढ्यात विमान चारशे मीटर पुढे. याला लॅग म्हणतात. प्रत्येक उपकरणाची नळी वेगळी, म्हणून लॅगही वेगळा. आणि प्रवाह वस्तुमानाने नियंत्रित (मिनिटाला ठरावीक वजनाची हवा) असेल तर लॅग उंचीबरोबर बदलतो: बाहेरचा दाब निम्मा झाला की नळीत निम्मीच हवा मावते आणि लॅगही निम्मा होतो. संपूर्ण उड्डाणाला एकच आकडा लावून वेळ सरकवणं म्हणूनच अर्धवट दुरुस्ती.

हे दिसतं कुठे? धुराच्या लोटात. वणव्याचा लोट तीन किलोमीटर रुंद आणि विमान सेकंदाला १५० मीटर वेगाने आडवं गेलं, तर सगळा खेळ २० सेकंदांचा. त्यात कार्बन मोनॉक्साइडची रेघ दोन सेकंद आधी आणि फॉर्माल्डिहाइडची दोन सेकंद नंतर असेल, तर दोन्हींचं सेकंदागणिक गुणोत्तर लोटाच्या एका कडेला भलतंच चढतं आणि दुसऱ्या कडेला पडतं. बघणाऱ्याला वाटतं, कडेला काही वेगळं रसायन चाललंय. चाललेलं काही नाही, नळ्या जुळलेल्या नाहीत. ओळखायची खूण सोपी: विरुद्ध दिशेने केलेल्या फेरीत विचित्र बाजूही उलटली तर दोष विमानातला. न उलटता तीच राहिली तर कदाचित हवेतच काही आहे. रेघा सरकवून जुळवायच्या, आणि किती सरकवल्या ते लिहून ठेवायचं. त्याहून बरं म्हणजे लोटाचं एकूण क्षेत्रफळ मोजायचं, भोवतालच्या हवेतलं प्रमाण दोन्हींतून वजा करून. क्षेत्रफळाला दोन सेकंदांनी काही होत नाही.

नायट्रिक आम्ल आणि अमोनिया नळीच्या भिंतीलाच चिकटतात. लोट संपला तरी भिंतीवरून सुटत राहतात, रेघेला लांब शेपूट येतं. घाणेरड्या हवेतून वर चढताना शेपूट स्वच्छ थरात सांडतं. स्वच्छ थरातून खाली उतरताना उलट, भिंत आधी आपला वाटा घेते. चढतानाचे आणि उतरतानाचे ठिपके वेगळ्या रंगांत काढले की ही लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते. एका रंगात काढले तर नुसताच जाडसर पट्टा दिसतो आणि त्याला आपण निसर्गाची विविधता समजतो.

वेगवेगळ्या उपकरणांचा डेटा एका ताटात वाढायचा तर मर्ज फाईल वापरतात: सगळं एक सेकंदावर, दहा सेकंदांवर किंवा मिनिटावर आणलेलं. मिनिटाची फाईल हलकी, म्हणून सगळ्यांची लाडकी. पण १०० पीपीबीच्या (अब्जात शंभर भाग) हवेत २० सेकंद २००० पीपीबीचा लोट आला तर मिनिटाच्या सरासरीत तो ७३३ होतो. 'कमाल मूल्य' म्हणून हा आकडा सांगणं म्हणजे वरणातली मिरची न चावता तिखटपणा सांगणं. डब्यांत भरून प्रयोगशाळेत नेलेल्या नमुन्यांचं तर वेगळंच: डबा भरायला मिनिटभर लागतं, कधी कमी, कधी जास्त. म्हणून ओझोनची सेकंदासेकंदाची मोजणी आधी त्या डब्याच्या नेमक्या भरण्याच्या वेळेवर सरासरीत आणायची, मग ठिपका काढायचा. जवळचा मिनिट उचलून चालत नाही.

एककांबद्दल एवढंच. वायूंसाठी मिश्रणाचं प्रमाण, पीपीबी किंवा पीपीटी, कोरड्या हवेच्या हिशेबाने. कणांसाठी घनमीटरमागे वजन, पण कुठल्या घनमीटरमागे? १२ किलोमीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम चौथाई दाट असते. तिथल्या काजळीचं वजन तिथल्या घनमीटरमागे सांगितलं तर ते प्रमाणित (ठरावीक दाब-तापमानाच्या) घनमीटरच्या चौथाई भरतं, आणि वर हवा स्वच्छ असल्याचा आभास होतो. अक्षावर नुसतं 'घनमीटर' लिहिणं म्हणजे भाजीवाल्याने वजन न दाखवता भाव सांगण्यासारखं.

आता पडद्यांची गंमत. आडवा अक्ष अक्षांश, उभा उंची, आणि मोजलेलं प्रमाण रंगात. याला कर्टन प्लॉट म्हणतात. दिसायला इतका देखणा की मुखपृष्ठावर तोच जातो. नासाच्या डीसी-८ विमानाने २०१६ ते २०१८ या काळात एटॉम मोहिमेत चारही ऋतूंत प्रशांत आणि अटलांटिक महासागरांवरून, जवळजवळ ध्रुवापासून ध्रुवापर्यंत, सतत खालीवर करत उड्डाणं केली. त्या डेटासाठी असा पडदा साजेसाच आहे. पण दोन उतारांमध्ये शेकडो किलोमीटर कोरे असतात. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते ती जागा मऊसूत रंगाने भरतं, आणि पडद्याच्या मधोमध विमानाने कधीच न पाहिलेला प्रदूषणाचा ढग तयार होतो. रंग भरायचाच तर वर विमानाची वाट काळ्या बारीक रेघेने काढावी आणि वाटेपासून लांबचा भाग पांढरा सोडावा. मला तर नुसते रंगीत ठिपकेच आवडतात. कमी सुंदर, पण न मोजलेल्या हवेवर रंग चढवत नाहीत.

रंगांत इंद्रधनुष्य टाळावं. पिवळ्याची पट्टी डोळ्यात घुसते आणि जिथे काहीच बदललेलं नाही तिथे कड दिसू लागते. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांचं तर चित्रच निकामी होतं. फिकटाकडून गडदाकडे एकाच दिशेने जाणारी रंगपट्टी घ्यावी. नकाशावर गिरक्या काढताना आणखी एक फसवणूक होते: नंतर काढलेला ठिपका आधीच्यावर बसतो. विमान खालून वर गेलं असेल तर जमिनीजवळचे सगळे ठिपके वरच्यांखाली गाडले जातात, आणि दिल्लीसारख्या शहराचा नकाशाही निळाशार दिसू शकतो. उंचीचे दोन-तीन थर करून प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढणं, याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी उपकरण पडताळण्याच्या, वेळी ते काही सेकंद किंवा मिनिटं बाहेरची हवा मोजत नाही. तिथे रेघ तुटली पाहिजे. आलेख काढणारा प्रोग्राम सवयीने ती जोडून टाकतो, आणि ती सरळ जोडरेघ कुणाला तरी 'ओझोन हळूहळू वाढतोय' अशी वाचता येते.

ओझोन विरुद्ध कार्बन मोनॉक्साइडचे ठिपके काढले की बऱ्याचदा एल अक्षरासारखा आकार येतो. उभी दांडी स्थितांबराची, म्हणजे वरच्या थराची, जिथे ओझोन भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी. आडवी दांडी खालच्या हवेची. मधे पसरलेले ठिपके दोन्ही मिसळल्याचे. यातून एकच सरळ रेघ काढून तिचा उतार छापणारे लोक आहेत. तो उतार कुठल्याच हवेचा नसतो. ठिपक्यांना उंचीचा रंग दिला असता तर रेघ काढायची इच्छाच झाली नसती. आणि एका लोटापुरती रेघ काढायचीच असेल तर दोन्ही अक्षांवरची अनिश्चितता धरणारी पद्धत वापरावी. साधी पद्धत फक्त उभ्या अक्षावरची चूक मानते आणि उतार कमी दाखवते.

सरासरीच्या आलेखात, म्हणजे दर किलोमीटरच्या थराला मध्यक आणि चतुर्थक असे चौकोन काढतात तेव्हा, प्रत्येक थरात मोजणीचे किती सेकंद आणि किती उड्डाणं आहेत ते बाजूला लिहावं. उड्डाणं महत्त्वाची, कारण एकाच लोटातले हजार सेकंद म्हणजे हजार पुरावे नव्हेत. एटॉमने मुद्दाम आधी ठरवलेली वाट धरली, लोटांमागे धावली नाही, म्हणून तिच्या सरासरीला अर्थ आहे. २०१९ च्या फायरेक्स-एक्यूमध्ये विमान वणव्याचा धूर शोधायलाच निघत असे. तिथल्या सरासरीला 'त्या प्रदेशाची हवा' म्हणणं म्हणजे रुग्णालयात मोजलेल्या तापावरून गावाचं तापमान सांगणं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'कायपीक्स' मोहीम २००९ मध्ये सुरू झाली, आणि २०१८-१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात विमानातून ढग आणि त्यांतले कण मोजले गेले. अशा डेटातला 'सरासरी ढग' म्हणजे ज्यात वैमानिकाला शिरता आलं तो ढग. गडगडाटी ढगाचा गाभा त्यात नसतो, आणि आलेखाच्या मथळ्यात हे यायला हवं.

परिषदेतल्या बारा मिनिटांच्या भाषणात हे सगळं बसणार कसं? बसत नाही. पहिल्या स्लाइडवर नकाशा आणि त्याखाली उंची-वेळेची रेघ, दोन्हींवर तेच तीन-चार खुणेचे आकडे. पुढच्या प्रत्येक आलेखावर तेच आकडे परत. एवढं केलं तरी बघणारा वाट चुकत नाही. एकच वायू दोन उपकरणांनी मोजला असेल तर दोन्ही दाखवावेत, सरासरी काढून भांडण मिटवू नये. आणि शेवटच्या स्लाइडच्या मागे संपूर्ण उड्डाणाची सेकंदासेकंदाची रेघ ठेवावी, सोबत विमानात बसलेल्यांच्या वहीतल्या नोंदी: डावीकडे धूर, खाली जहाज, ढगात शिरलो, केबिनमध्ये जळका वास.

कारण प्रश्न येतो तो हमखास टोकाबद्दल. 'तो जो एक-दोन सेकंदांचा उंच दाता आहे, तो कसला?' नायट्रिक ऑक्साइड आणि कणांची संख्या एकदम उसळलेली, कार्बन मोनॉक्साइड जवळपास जागेवर. वहीत जहाज नाही, खाली गाव नाही, वारा मंद. मग गिरकीचा आदला फेरा काढून बघावा आणि त्या मिनिटभरात वाऱ्याने ती हवा किती सरकवली असेल ते मोजावं. बऱ्याचदा हिशेब नेमका जुळतो: विमान आपल्याच इंजिनाच्या धुरातून गेलेलं असतं.